मेंदूतला धागा आणि पुढची चाळीस वर्षं

जानेवारी २०२४ मधे फिनिक्सच्या बॅरो न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमधे नोलंड आरबॉ नावाच्या, मानेखाली लुळ्या पडलेल्या तरुणाच्या मेंदूत न्यूरालिंक कंपनीचे ६४ धागे ओवले गेले, त्यांच्यावर मिळून १०२४ इलेक्ट्रोड, म्हणजे मेंदूतली वीज टिपणारी बारीक टोकं. तो नुसत्या विचाराने कर्सर हलवून बुद्धिबळ खेळतोय हा व्हिडिओ तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. मे महिन्यात कंपनीनेच कबूल केलं की बरेच धागे मेंदूतून मागे सरकलेत, आणि आरबॉने पुढे स्वतः सांगितलं की जवळपास ८५ टक्के धागे निकामी झाले होते. कंपनीने सॉफ्टवेअर बदलून उरलेल्या धाग्यांवर काम भागवलं, ते छान चाललं सुद्धा, आणि ती बातमी तिथेच विरली. ती दुसरी बातमी आपल्या ग्रुपवर कोणी फॉरवर्ड केलेली मी तरी पाहिली नाही.

मी पॉलिमरवाला माणूस आहे, न्यूरोसर्जन नाही. काही वर्षं एका युनिव्हर्सिटी लॅबमधे पॉलिइमाइडच्या पातळ फिल्मवर सोन्याच्या रेघा ओढणं आणि मग त्या मिठाच्या पाण्यात किती दिवस टिकतात ते बघणं हेच काम केलं, त्यामुळे ह्या विषयावर मला जे वाटतं ते जरा तावातावानेच वाटतं. म्हणणं एवढंच आहे की मेंदूत सोडायच्या ह्या मऊ प्रोबचं, म्हणजे इलेक्ट्रोड वाहून नेणाऱ्या धाग्या-पट्ट्यांचं, मोजमाप आपण चुकीच्या पट्टीने करतोय, इलेक्ट्रोड किती ते मोजतो, टिकतात किती ते नाही, आणि भारतात ह्याच्यावर सरकारी पैसा आणि ट्रायल्स वाढायच्या आत ती पट्टी बदलायला हवी.

आधी हे लवचिक प्रोब लागतातच का ते सांगतो. पायात बाभळीचा काटा मोडला तर काय होतं आपल्याला माहितीय, आत तो सलत राहतो, भोवतीची जागा टणक होते, शरीर त्याला वेगळं पाडतं. मेंदूत सिलिकॉनची सुई ठेवली की साधारण तसंच होतं, मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी भोवती गोळा होतात, व्रणाचं आवरण बनतं, आणि ज्या न्यूरॉनचं ऐकायला सुई घातली तेच लांब जातात किंवा मरतात. कारण साधं आहे, मेंदू खरवसासारखा आहे आणि सिलिकॉन काचेसारखा. आकड्यात सांगायचं तर मेंदूचा ताठपणा काही हजार पास्कल आणि सिलिकॉनचा दीडशे अब्ज पास्कलच्या आसपास. त्यात मेंदू स्थिर कधीच नसतो, प्रत्येक श्वासाला, प्रत्येक ठोक्याला कवटीत तो थोडा हलतो, उंदरांवर मोजलं तर श्वासाबरोबर १० ते ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). सुई कवटीला बांधलेली, मेंदू हलतोय, म्हणजे दिवसातून हजारो वेळा आत घासाघीस.

म्हणून पॉलिमर. पॉलिइमाइड, पॅरिलीन-सी, एसयू-८ ही नेहमीची नावं. पॉलिइमाइड तुम्ही पाहिलंय, मोबाईल रिपेअरवाला उघडतो तेव्हा आत जी पिवळट तांबूस फ्लेक्स पट्टी दिसते ना, तेच. इथे एक गैरसमज मात्र सगळीकडे आहे, आमच्या क्षेत्रातल्या लोकांच्या बोलण्यातही येतो, की पॉलिमर म्हणजे मऊ. पॉलिइमाइड मऊ अजिबात नाही, मेंदूपेक्षा ते अजूनही लाखो पटींनी कडक आहे. ते वाकतं ते पातळ असतं म्हणून. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे १० मायक्रॉनची पट्टी १ मायक्रॉनवर आणली की ती हजारपट सहज वाकते, मटेरियल तेच. स्टीलची फूटपट्टी आणि स्टीलचं पातळ पातं ह्यात फरक धातूचा नसतो. हे लक्षात ठेवा कारण पुढची सगळी भानगड ह्याच पातळपणातून निघते.

पहिली भानगड, इतकी पातळ गोष्ट आत जाणार कशी. गोधडीत दोरा जातो तो सुईच्या जोरावर, नुसता दोरा ढकलला तर तो दुमडतो. न्यूरालिंकच्या रोबोटने हेच केलं, धाग्याच्या टोकाला नेढं, त्यात सुई अडकवायची, आत न्यायचं आणि सुई एकटीच मागे घ्यायची. इतरांनी साखरेचा लेप लावला, रेशमाच्या प्रोटीनचा लावला, पीईजी नावाच्या पॉलिमरचा लावला, जो आत गेल्यावर विरघळतो. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी समुद्रकाकडी नावाच्या समुद्री प्राण्याच्या कातडीवरून कल्पना घेतली, ती घाबरली की कडक होते आणि मग परत मऊ, तसं मटेरियल बनवलं जे कोरडं असताना ताठ आणि ओलं झालं की नरम, २००८ साली सायन्स ह्या जर्नलमधे तो पेपर आला. हार्वर्डच्या चार्ल्स लिबर ह्यांच्या ग्रुपने २०१५ मधे इंजेक्शनच्या सुईतून जाळीच आत सोडली. हे सगळं वाचताना मला आजही भारी वाटतं, माणसाची बुद्धी कुठे कुठे जाते. आणि बहुतेक लोकांच्या दृष्टीने प्रोब मेंदूत गेला, सिग्नल आला की गोष्ट संपते. माझ्या दृष्टीने तिथे ती सुरू होते.

शरीर म्हणजे ३७ डिग्रीचं मिठाचं पाणी. लॅबमधे आम्ही फिल्म सलाइनमधे बुडवून ६७ डिग्रीच्या ओव्हनमधे ठेवायचो, कारण ढोबळ नियम असा की दर दहा डिग्रीला म्हातारपण दुप्पट वेगाने येतं, म्हणजे तीस डिग्री जास्त ठेवलं की आठपट, पाच वर्षांचा अंदाज साडेसात महिन्यांत. रोज सकाळी मायक्रोस्कोपखाली बघायचं. सुरुवातीचे आठवडे सगळं चकचकीत. मग एखाद्या सकाळी कडेला एक इंद्रधनुषी छटा दिसायची, रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखी, आणि पोटात गोळा यायचा, कारण त्याचा अर्थ थरांच्या मधे पाणी शिरलं. पुढे पापुद्रा सुटतो, सोन्याची रेघ तुटते किंवा शेजारच्या रेघेला चिकटल्यासारखी वागते, आणि चॅनेल, म्हणजे त्या इलेक्ट्रोडची सिग्नलची वाट, मेला. पॉलिमर हे कितीही चांगलं असलं तरी पाण्याच्या वाफेला पूर्ण थांबवत नाही, धातू आणि पॉलिमरचं नातं मुळातच तकलादू, आणि थर जितका पातळ तितका पाण्याचा रस्ता जवळचा. म्हणजे ज्या पातळपणामुळे मेंदू खूश, त्याच पातळपणामुळे प्रोबचं आयुष्य कमी. जर्मनीत फ्रायबुर्गमधे थॉमस स्टीग्लिट्झ ह्यांच्या ग्रुपने वर्षानुवर्षं ह्याच चिकटण्याच्या प्रश्नावर काम केलंय, मधे सिलिकॉन कार्बाइडचा थर दे, वगैरे. अशा कामाचे व्हिडिओ व्हायरल होत नाहीत.

त्यांच्याच प्रकारच्या पॉलिइमाइडच्या इलेक्ट्रोडची एक गोष्ट मला कायम आठवते. डेन्मार्कचे डेनिस ओबो सोरेन्सन, फटाक्याच्या अपघातात डावा हात गेलेला. २०१३ मधे रोममधे त्यांच्या दंडातल्या नसांमधे असे चार इलेक्ट्रोड बसवले आणि कृत्रिम हाताच्या बोटांतला स्पर्श थेट नसेत पोचवला. डोळ्यावर पट्टी बांधून, हातात धरलेली वस्तू कडक आहे की मऊ, गोल आहे की चौकोनी, हे ते सांगू लागले. नऊ वर्षांनी स्पर्श परत आला. आणि तीस दिवसांनी ट्रायलच्या सुरक्षेच्या नियमाप्रमाणे इलेक्ट्रोड काढून घेतले. नियम बरोबरच होता, मी त्याच्या बाजूने आहे, पण तेव्हा आपल्याकडे तीस दिवसांपलीकडची खात्री देण्याइतकं ज्ञान नव्हतं हे त्या नियमाने उघड सांगितलं. आज प्रिसिजन न्यूरोसायन्स कंपनीच्या मेंदूवर ठेवायच्या पातळ फिल्मला अमेरिकेच्या एफडीए ह्या नियामक संस्थेने २०२५ मधे परवानगी दिली ती सुद्धा तीस दिवसांपर्यंतच्याच वापराची. इतका प्रामाणिकपणा मला बातम्यांमधे दिसत नाही, तिथे फक्त १०२४ दिसतं.

आता खरी अडचण, जिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. सिलिकॉनची सुई ओढून काढता येते, थोडं नुकसान होतं पण येते. पॉलिमरचा प्रोब जितका चांगला तितका तो मेंदूत मिसळतो. लिबर ह्यांच्या जाळीचं तर वैशिष्ट्यच ते, न्यूरॉन तिच्या भोकांतून वाढतात, व्रण जवळपास होत नाही. छान, पण उद्या ती बिघडली तर? पेशी आरपार वाढलेली जाळी काढायची म्हणजे पेशी फाडायच्या, आणि एक मायक्रॉनचा धागा ओढला तर तो मधेच तुटायचीच शक्यता जास्त. म्हणजे आपण उत्तम डिझाइन म्हणतोय ते परत न फिरवता येणारं डिझाइन आहे. पेसमेकरचा डबा बदलता येतो, गुडघ्याची वाटी सुद्धा परत ऑपरेशन करून बदलतात. इथे निघतच नसेल तर तो तिशीतल्या माणसाच्या डोक्यात सत्तरीपर्यंत राहणार, आणि त्या चाळीस वर्षांची जबाबदारी कोणाची हा प्रश्न इंजिनिअरिंगच्या बाहेरचा नाही, माझ्या मते तो डिझाइनचाच भाग आहे.

आणि चाळीस वर्षांबद्दल आपल्याकडे पुरावा काय आहे? उंदीर जगतो दोन-तीन वर्षं, त्यामुळे उंदरावरचा कुठलाच प्रयोग त्यापुढे जाऊ शकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या लॉरेन फ्रँक ह्यांच्या लॅबने लॉरेन्स लिव्हरमोर ह्या राष्ट्रीय लॅबबरोबर बनवलेल्या पॉलिमर प्रोबवर २०१९ मधे उंदरांत १६० दिवसांहून जास्त एकेका न्यूरॉनचं रेकॉर्डिंग दाखवलं, आणि ते खरंच मोठं काम आहे, मी त्याला नमस्कार करतो. पण १६० दिवस म्हणजे पावसाळा आणि दिवाळी, एवढंच. 'क्रॉनिक' हा शब्द आमच्या क्षेत्रात काही आठवड्यांसाठीही वापरतात. पेशंटला तो शब्द ऐकू येतो तेव्हा त्याच्या डोक्यात जन्मभर असतं.

मी सिलिकॉनच्या विरोधात एकतर्फी बोलतोय असं वाटू नये म्हणून हेही सांगायला हवं, माणसाच्या मेंदूत एकेका न्यूरॉनचं ऐकण्याचा दीर्घ टिकलेला पुरावा कडक सुयांचाच आहे. युटा ॲरे, ४ बाय ४ मिलीमीटरचा सिलिकॉनचा चौकोन, त्यावर शंभर सुया, २००४ पासून माणसांत वापरलाय. पिट्सबर्गमधे नेथन कोपलंड ह्यांच्या मेंदूत २०१५ मधे बसवलेले ॲरे सात वर्षांहून जास्त चालले, सिग्नल कमी झाला पण बंद नाही झाला. म्हणजे मेंदूला मऊ हवं हे बरोबर असूनही, मऊ असणं म्हणजे टिकणं नव्हे. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात, आणि दुसरी सिद्ध करायला वेळ सोडून दुसरा मार्ग नाही.

वेळ मात्र कंपन्यांकडे नसतो. सेकंड साइट नावाची अमेरिकन कंपनी होती, अंध लोकांच्या डोळ्याच्या पडद्यावर ६० इलेक्ट्रोडचा आर्गस-२ बसवायची, २०१३ मधे एफडीएची मान्यता मिळालेली, जगभर साडेतीनशेहून जास्त लोकांनी तो बसवून घेतला. २०२० मधे कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली, सपोर्ट बंद. डोळ्यात इम्प्लांट तसंच, बिघडलं तर स्पेअर पार्ट नाही, अपडेट नाही. ज्यांना उजेडाच्या चार ठिपक्यांनी का होईना दार कुठे आहे ते दिसत होतं, त्यांच्यातल्या काहींचं मशीन एक दिवस बंद पडलं आणि विचारायला कोणी उरलं नाही. तंत्रज्ञान वाईट होतं म्हणून हे झालं नाही, पैसे संपले म्हणून झालं.

हे अमेरिकेचं झालं असं म्हणून सोडून देऊ नका. माझ्या मामेबहिणीचा मुलगा कराडजवळ राहतो, जन्मतः बहिरा, तीन वर्षांचा असताना सरकारी योजनेतून कॉक्लियर इम्प्लांट झालं. कॉक्लियर म्हणजे नसेला थेट वीज देणारं इम्प्लांट, सिलिकोन रबरात बसवलेले प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड, ह्याच घराण्यातलं थोरलं भावंड, आणि आतला भाग उत्तम चाललाय. पोरगं बोलायला लागलं, शाळेत कविता म्हटली, ताईने मला फोनवर ऐकवली होती तेव्हा मी रडलो. वॉरंटी संपल्यावर कानामागचा प्रोसेसर बिघडला. नव्याची किंमत ताईच्या घरच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त, योजनेत ऑपरेशनचे पैसे होते, आठ वर्षांनंतरच्या प्रोसेसरचे नव्हते. डोक्यात चालू असलेलं इम्प्लांट आणि तरी मूल परत शांततेत, चार महिने. नातेवाईकांनी वर्गणी काढली. वर्गणी काढायला नातेवाईक होते म्हणून ते झालं.

आणि मोठ्या प्रमाणावर काय होऊ शकतं ते आपण खुब्याच्या सांध्याच्या प्रकरणात पाहिलंय. जॉन्सन अँड जॉन्सनच्या कंपनीने एएसआर हिप २०१० मधे जगभरातून परत बोलावले, भारतात त्याची साधारण ४७०० ऑपरेशन्स झालेली होती. महाराष्ट्राच्या एफडीएने त्याचा पाठपुरावा केला, पोलिसांपर्यंत प्रकरण नेलं, पण भरपाईचं सूत्र ठरायला २०१८ उजाडलं, आणि तोपर्यंत बहुतांश पेशंट कुठे आहेत हेच कळत नव्हतं. रजिस्टर नाही, पत्ते बदललेले, फाइल गहाळ. सांधा एक्स-रेमधे दिसतो तरी. पाच मायक्रॉनचा पॉलिमरचा धागा कुठल्या एक्स-रेत शोधणार?

त्यामुळे न्यूरोटेक्नॉलॉजीवरची चर्चा सगळी विचार वाचले जातील का, मनाची प्रायव्हसी, ह्याच्याभोवती फिरते ते मला अर्धवट वाटतं. चिलीने २०२१ मधे मेंदूच्या हक्कांसाठी राज्यघटनेत दुरुस्ती केली, चांगलंच केलं. पण ज्याच्या डोक्यातल्या धाग्याचा पापुद्रा सुटलाय त्याचा पहिला हक्क, त्याचा फोन कोणीतरी उचलण्याचा आहे.

मला काय हवंय ते सरळ सांगतो. सरकारच्या ग्रँटवर किंवा सरकारी हॉस्पिटलात मेंदूत कायमचा प्रोब घालायचा असेल तर त्या प्रोबचे मिठाच्या पाण्यातले रिपोर्ट सगळ्यांसाठी खुले हवेत, किती चॅनेल सुरुवातीला आणि किती शेवटी, फेल झालेले सॅम्पल धरून. प्रोब काढायचा कसा हे प्राण्यात करून दाखवलेलं हवं, आणि काढता येत नसेल तर तसं स्पष्ट मराठीत पेशंटला सांगितलेलं हवं, इंग्रजी फॉर्मच्या नवव्या पानावर नव्हे. कंपनीने ट्रायल सुरू करायच्या आधी पुढच्या देखभालीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावेत, जे दिवाळखोरीत बँकेला मिळणार नाहीत. आणि एक राष्ट्रीय रजिस्टर, कोणाच्या डोक्यात काय आहे, कुठल्या बॅचचं आहे. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस रूल्समधे ट्रायलमधे इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे, ती हवीच, पण मोडलेल्या इम्प्लांटवर उपाय म्हणजे इम्प्लांट दुरुस्त करणारा माणूस, चेक नव्हे.

ह्यावर माझा एक मित्र, जो स्टार्टअपमधे आहे, म्हणतो की एवढ्या अटी घातल्यास तर इथे कोणी काम करणार नाही, आणि खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमधे व्हीलचेअरवर बसलेल्या जवानाला जाऊन सांग की दहा वर्षं थांब. हा मुद्दा मी हलका घेत नाही. त्या जवानाला धोका पत्करायचा पूर्ण हक्क आहे, आणि माझ्यापेक्षा तो धोका त्याला जास्त कळतो. मी ट्रायल थांबवा म्हणत नाहीये. पण त्याने धोका घेतला तर बाकीच्यांनीही काहीतरी घ्यायला हवं, गुंतवणूकदाराने, सरकारने, माझ्यासारख्या मटेरियलवाल्याने. सगळा धोका ज्याला बोट हलवता येत नाही त्याच्याकडे आणि सगळी मोकळीक ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्याकडे, ही वाटणी मला पटत नाही.

आणि अटी घातल्या की काम होत नाही हेही खरं नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमधे डॉ. वलियाथन ह्यांच्या टीमने हृदयाची झडप बनवली, त्यांची आधीची मॉडेल्स एकामागून एक फेल गेली, एकात वेल्डिंग तडकलं, एकात नीलमण्याची चकती फुटली. प्रत्येक वेळी ते मागे गेले, मटेरियल बदललं, आणि शेवटी चकती कशाची केली तर एका पॉलिमरची, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनची. डिसेंबर १९९० मधे ती पहिल्यांदा माणसात बसली. आयात झडपेपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि आज हजारो लोकांच्या छातीत ती चालू आहे. सरकारी संस्था होती, पैसा बेताचा होता, पण फेल झालेलं मॉडेल माणसात जाऊ द्यायचं नाही एवढा हट्ट होता. मेंदूच्या प्रोबसाठी तसं एखादं केंद्र इथे का नसावं, जिथे कोणाचीही फिल्म आणून द्या आणि ते दहा वर्षं मिठाच्या पाण्यात ठेवून रिपोर्ट देतील? त्याला लागतात ओव्हन, मायक्रोस्कोप, मोजायची यंत्रं आणि न कंटाळणारी चार माणसं. रोबोट सर्जनच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

परवा ताईकडे गेलो होतो. नवीन प्रोसेसर चालतोय, पोरगा आता सातवीत आहे, क्रिकेटची कॉमेंट्री करतो. इम्प्लांटची जुनी फाइल तिने जपून ठेवलीय, प्लास्टिकच्या पिशवीत, वर ऑपरेशनच्या वेळी दिलेलं कार्ड, त्यावर अडचण आल्यास संपर्क म्हणून एक नंबर. मी तिथे बसूनच तो लावून बघितला. नंबर अस्तित्वात नाही.